बेबीनंदाची पात

टेंभुर्णीच्या शिवारात सर्जेरावचं मिरचीचं शेडनेट आहे. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, कुणाच्या तरी लग्नाचा मांडव घातला आणि काढायचा राहून गेला. आत भर दुपारीही उजेड मऊ, पाणी घातलेल्या दुधासारखा. इथली मिरची खायला नसते, बियाण्याला असते, म्हणून तिची बडदास्त नव्या सुनेपेक्षा जास्त. दुपारी बायांनी उद्या उमलणारी कळी हेरायची, चिमट्यानं तिच्या पाकळ्या आणि आतले तुरे अलगद काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला नर झाडाच्या फुलातली पावडर लावायची, आणि लावली की देठाच्या बुडाशी लाल दोरा बांधायचा. दोरा आहे, म्हणजे ह्या कळीचं झालं. दोरा नाही, म्हणजे व्हायचंय. काम एवढंच, पण दिवसभर मान खाली घालून तेच करायचं म्हणजे मानेचा पार खुळखुळा होतो.

बारा बाया कामाला येत. जिची तिची झाडांची ओळ ठरलेली, तिला पात म्हणतात. बेबीनंदाचीही एक पात होती, पण तीन वर्षं दुपारच्या कामात तिनं त्या पातीला हात लावला नव्हता. तिची पात बाकीच्या अकराजणी थोडी थोडी वाटून घेत, आणि ती मधल्या वाटेवर खताच्या रिकाम्या गोणीवर बसून त्यांना पुस्तक वाचून दाखवी. सकाळी वाचन नाही, तेव्हा ऊन चढायच्या आत पावडर उरकायची घाई असते. वाचन दुपारचं. सर्जेरावला हे ठाऊक होतं. पण कामाला बाया मिळत नाहीत अशा दिवसांत त्याच्या नेटात बाया आपणहून येत होत्या, मग त्यानं कशाला मधे तोंड घालावं?

बेबीनंदा साठीला आलेली. राजूरजवळच्या एका वस्तीवरची लेक, चौथी शिकलेली. चौथीच का, तर पाचवीची शाळा पलीकडच्या गावाला आणि मधे ओढा. बापाला मात्र पोरीच्या वाचण्याचं भारी कौतुक. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचत. एकदा वाचणाऱ्या गुरुजींचा घसा बसला, तेव्हा बापानं नऊ वर्षांच्या पोरीला पुढं बसवलं. ती वाचत गेली, आणि एका ओळीत शब्द अडला म्हणून थांबली. समोर बघते तर म्हाताऱ्या बायांनी श्वास धरलेला. पोरगी अडलीय हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना वाटलं, पुढं काहीतरी मोठं येणार. तेव्हापासून बेबीनंदाला ती चट लागली. वाचता वाचता मधेच थांबायचं आणि समोरच्यांचा श्वास अडकलेला बघायचा.

लग्न होऊन ती टेंभुर्णीला आली. नवरा संपत भला माणूस, पण पुस्तक उघडलं की पहिल्याच पानाला घोरायचा. "तू वाच, मी ऐकून राह्यलो," असं डोळे मिटून म्हणायचा. तिनं मनातल्या मनात वाचून पाहिलं. अक्षरं डोळ्यांपुढून जात, पण आत काही उतरत नसे. समोर कुणी नसताना वाचायचं म्हणजे तिला भिंतीला जेवायला वाढल्यासारखं वाटे.

नेटातलं वाचन सुरू झालं ते जन्नतबीमुळं. गावातल्या वाचनालयाचं एक पुस्तक बेबीनंदाच्या पिशवीत होतं, जेवणाच्या सुट्टीत तिनं त्यातली दोन पानं वाचली आणि सुट्टी संपली तशी मिटलं. जन्नतबी उठेचना.

"ए बेबी," ती म्हणाली, "वो आदमी बस से उतरा, घर के दरवाजे पे आया, और तू किताब बंद करके चली? दरवाजा कौन खोलता मंग?"

"उद्या सांगते ना, जन्नतबी. काम हाय."

"काम मैं करती तेरा. तू पढ."

जन्नतबी पासष्टीची. घरी उर्दू, बाहेर तिची ती स्वतःची मराठी. लहानपणी अलिफ-बे शिकताना पाठीत धपाटे खाल्ले, तेवढंच तिचं शिक्षण. पण ऐकायची अशी, की महिन्यापूर्वी वाचलेलं कोण कुठल्या रंगाचं लुगडं नेसून आलं होतं तेही सांगायची. दुसरी गोजरबाई. तिचं तोंड कायम चालू, पुस्तकातल्या वाईट माणसाला ती अशा शिव्या द्यायची की तो पुस्तकातून उठून पळाला नाही हेच नवल. आणि बेबीनंदाची सून प्रीती. तिला हुंदका आवरत नसे, आणि तो आवाज झाकायला ती उगीच खोकायची.

बेबीनंदाचं वाचणं मोठं धूर्त होतं. एक डोळा पानावर, एक बायांच्या हातांवर. हात भराभर चालताहेत, म्हणजे पुस्तकात नुसतं डोंगर-नदीचं वर्णन चाललंय, उरका. हात सावकाश झाले, म्हणजे गोष्ट जवळ आली. आणि हात थांबले की ती चष्मा काढायची, पदरानं पुसायची, परत घालायची. चष्मा स्वच्छच असायचा.

"पुस बाई, पुस," गोजरबाई म्हणायची. "आमचा जीव जाऊन राह्यला, आन हिला आताच चष्मा पुसायचा हाय."

औंदा पोळ्यानंतर जे पुस्तक सुरू झालं ते दोन बहिणींचं होतं. त्यांचं गाव धरणात गेलं. सामान हलवायच्या धांदलीत धाकटी भलत्याच नातेवाइकांच्या ट्रकमध्ये चढली आणि थोरली दुसऱ्या गावाला गेली. मग आई वारली, पत्ते हरवले, वर्षं गेली. थोरली लग्नाकार्यात स्वयंपाकाला जाऊ लागली. तीन आठवडे बायांनी त्या थोरलीबरोबर चुली पेटवल्या.

मग ती दुपार आली. पुस्तकात कुठल्याशा गावी लग्नाची पंगत बसलेली. थोरली वरण वाढत वाढत येतेय. एका पानापाशी एका बाईनं हात आडवा धरला, नको म्हणून. पण तळवा पसरून नाही, मूठ वळून आणि ती उलटी करून, जशी त्यांची आई धरायची. साऱ्या जगात असं नको म्हणणारी ती एकच बाई होती, आणि ती तर केव्हाच गेली. थोरली पळी हातात धरून उभी राहिली.

नेटात पाना-पाकळीचा आवाज नाही. बेबीनंदानं डोळे वर केले. बघते तर जन्नतबीचे हात थांबले नव्हते. ते आपले आपणच चालले होते. कमरेच्या पिशवीतून तिनं सकाळचा उरलेला लाल दोरा काढला आणि आत्ताच सोललेल्या कळीच्या बुडाशी बांधला. मग दुसऱ्या. डोळे मात्र पुस्तकावर. पलीकडे गोजरबाईही तेच करत होती, आणि बेबीनंदाच्या पातीत प्रीतीही.

दोरा दुपारी बांधायचा नसतो. बेबीनंदानं तीन वर्षं दुपारचा चिमटा धरला नसेल, पण एवढं तिला कळत होतं. आज दोरा बांधला तर उद्या सकाळी तीच बाई म्हणेल, हिचं झालंय, आणि पावडर न लावता पुढं जाईल. "अगं दोरा नको," एवढं म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर पंगत मोडली असती. पळीतलं वरण सांडलं असतं. एवढा परिच्छेद होऊ दे, मग सांगू, असं म्हणून ती वाचत राहिली. परिच्छेद झाला, प्रकरण संपलं, आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"वळखलं का मंग धाकटीनं?"

"वळखनार न्हाई तर काय! रक्त हाय ते."

"सात वर्षांची होती गं, तिला काय याद राह्यनार?"

त्या गलक्यात बेबीनंदाही शिरली. दोऱ्याचं कुणाला सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावडर उरकली आणि दुपारी सर्जेरावनं सगळ्यांना टोकाच्या नर झाडांवर लावलं, मग आठवडी बाजार, मग गावात एक मौत झाली. वाचन आठ-दहा दिवस बंदच होतं. ती बाई पळी घेऊन उभीच होती.

अकराव्या दिवशी सर्जेरावनं बायांना बोलावलं. तो रागावला की आवाज चढवत नाही, उलटा खाली आणतो, त्यामुळं जास्त भीती वाटते.

"ह्या पाती बघा," तो म्हणाला. "दोराच दोरा. मिरची एक न्हाई. झाडांना राखी बांधली का तुम्ही?"

बाया बघत राहिल्या. खरंच. कळ्या वाळून गळून गेलेल्या, बुडाशी लाल दोरे लोंबताहेत. बेबीनंदाची पात, शेजारची गोजरबाईची थोडी, आणि जन्नतबीची तर अर्धी.

सर्जेरावनं सगळीकडं नजर फिरवली आणि ती जन्नतबीवर येऊन थांबली. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उन्हाळ्यातच झालं होतं.

"खाला," तो म्हणाला, आणि ह्या शब्दात राग नव्हता, तेच वाईट होतं. "तुम्हाला आता बारीक दिसत न्हाई. कोन्ती कळी झाली, कोन्ती राह्यली, गडबड व्हतीया. तुम्ही उद्यापासून घरीच राहा. आराम करा."

कुणाचं ऐकून न घेणारी जन्नतबी. भर बाजारात तराजूवाल्याशी भांडलेली बाई. तिनं ऑपरेशनच्या डोळ्यावर तळवा ठेवला, एका डोळ्यानं दोऱ्यांकडं पाहिलं, मग हात बदलून दुसऱ्यानं पाहिलं.

"नई दिखता होगा," ती हळू म्हणाली. "मेरेकू लगा, दिखता."

बोललं तर वाचन संपलं, हे बेबीनंदाला लख्ख दिसत होतं. गोणी संपली, चष्मा पुसणं संपलं. न बोललं तर उद्या जेवणानंतर पुस्तक उघडता येईल, आणि समोर एक जागा रिकामी असेल. ती थोडा वेळ उभी राहिली. तेवढा वेळ तिला घ्यावासा वाटला, हे तिनं पुढं कितीतरी दिवस स्वतःला ऐकवलं.

"सर्जेरावभाऊ, डोळ्याचं काही न्हाई," ती म्हणाली. "दुपारी वाचताना बांधले दोरे. तिनंच न्हाई, तिघी-चौघींनी. मी बघितलं."

"बघितलं?"

"हं."

"आन बोलल्या न्हाई?"

"न्हाई बोलले."

"का पन, मावशी?"

बेबीनंदानं खरं तेच सांगितलं. "तिच्या हातात पळी होती."

"कोनाच्या हातात?"

"पुस्तकातल्या बाईच्या."

हसावं की डोकं आपटावं हे सर्जेरावला ठरवता येईना.

"खाला राह्यतील," तो शेवटी म्हणाला. "पुस्तक उद्यापासून नेटात दिसायचं न्हाई. आन मावशी, तुम्ही तुमची पात धरायची. दुपारची बी."

तो गेल्यावर गोजरबाई उसळली. "बरं केलंस गं बये! आता ती बाई तिथं पळी घिऊन उभीच राह्यनार का जलमभर?" पण तिचा सूर रागाचा नव्हता. रागाचा सूर होता तो जन्नतबीचा. पिशवी उचलताना तिनं एकच वाक्य टाकलं.

"तूने देखा. और पढती रही."

पुढचे दोन दिवस ती बेबीनंदाशी बोलली नाही.

नेटात आता फक्त चिमट्यांची टिकटिक. बेबीनंदा स्वतःच्या पातीत वाकून बसे आणि तिच्या हातून दहातल्या चार कळ्या मोडत. प्रीतीला सासूची दया आली. "आत्याबाई, मोबाइलवर बी गोष्टी असत्यात," म्हणून तिनं एक लावली. कुणी माणूस घाईघाईनं वाचत होता, जणू त्याची बस सुटणार होती.

"बंद कर त्याला," गोजरबाई म्हणाली. "कुठं थांबायचं ते बी कळंना मेल्याला."

तिसऱ्या दुपारी बेबीनंदाच्या हातून आणखी एक कळी मोडली आणि शेजारून आवाज आला.

"अंगूठे से दबाती काय को? जरा ढीला पकड. ऐसे."

जन्नतबीनं तिच्या हातात हात घालून चिमटा धरायला शिकवलं. दोन कळ्या नीट निघाल्या. तिसरीला जन्नतबी म्हणाली, "किताब घर पे है ना?"

"हाय."

"आगे पढी?"

"न्हाई."

"झूट मत बोल."

"खरंच न्हाई गं. कोनापुढं वाचू?"

जन्नतबी थोडा वेळ पाकळ्या काढत राहिली. "सर्जेराव किताब को मना किया," ती म्हणाली. "मुंह को नई किया. सुबह घर पे पढ, यहाँ आके सांग. हात भी चलते रहेंगे तेरे."

"पाठ कसं होईल? माझं वय काय?"

"मैंने तीन साल तेरा पूरा याद रखा ना? बिना पढे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीनंदानं चुलीपुढं पुस्तक उघडून ठेवलं आणि भाकरी थापता थापता मोठ्यानं वाचलं. एकदा वाचून ध्यानात राहिना, म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. भाकरीची एक बाजू काळी झाली. संपतनं ती उलटून पाहिली. "हिनं बी ऐकलं वाटतं," तो म्हणाला आणि मुकाट्यानं खाल्ली.

दुपारी तिनं सांगायला सुरुवात केली. पुस्तकातली वाक्यं सगळी आठवेनात, म्हणून मधे मधे तिची स्वतःची आली. थोरली पळी घेऊन उभी आहे. धाकटीनं वर पाहिलंच नाही. नुसतं म्हणाली, "थोडंच वाढा." थोरलीनं थोडंच वाढलं आणि पुढच्या पानाकडं सरकली.

"आसं कसं!" गोजरबाई ओरडली. "वळखलं न्हाई?"

"तसंच हाय पुस्तकात."

"कोन्या दगडानं लिव्हलंय हे?"

बोलता बोलता गोजरबाईचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला. जन्नतबीनं तो तिथंच धरला.

"ये देखो! फिर चली राखी बांधने." मग तिनं स्वतःचा चिमटा उंच धरला. "सुनो सब. जहाँ बेबी रुकी, वहाँ चिमटा ऊपर. कळीला हात नई लगाने का. बराबर?"

पोरीबाळी हसल्या, पण नेम झाला. दोरे तर दुपारी नेटाबाहेर खुंटीलाच टांगून ठेवायचे ठरले. त्या आठवड्यात सर्जेराव पाण्याचा कॉक बंद करायला आला, तर बारा बाया ओळीनं चिमटे वर धरून बसलेल्या, हाताला हालचाल नाही.

"हे काय चाललंय?"

"काही न्हाई भाऊ," गोजरबाई म्हणाली. "चुकी टाळून राह्यलो."

तो पाती बघत शेवटपर्यंत गेला आणि परत आला. पुस्तक कुठं दिसतंय का तेही गोणीखाली वाकून पाहिलं.

शेवट आला त्या दिवशी बेबीनंदाची दोन झाडं होऊन गेली तरी सांगणं संपलं नव्हतं. पंगत उठलीय, ती सांगत होती. लोक हात धुवायला आलेत, थोरली तांब्यानं पाणी घालतेय. एकेक हात पुढं येतो, धुतो, जातो. मग तो हात आला. थोरलीनं पाणी घातलं. तांब्या रिकामा झाला, धार संपली, आणि तो हात मागं गेला नाही. तसाच राहिला, पुढं धरलेला.

इथं बेबीनंदा थांबली. ह्या वेळी चष्मा पुसायला नव्हे. तिला पुढचं बोलताच येईना. सकाळी चुलीपुढं तीनदा वाचताना काही झालं नव्हतं. तिच्या स्वतःच्या बोटांत एक अर्धी सोललेली कळी होती आणि ती बोटं हलत नव्हती. कुणाचे हात थांबले, कुणाचा श्वास अडकला, हे बघायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही. मान वर केली तेव्हा जन्नतबी चिमटा वर धरून तिच्याकडंच बघत होती, आणि तिला कसलीही घाई नव्हती.

"सांग," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

"मंग धाकटी म्हनली, 'पानी संपलं काय गं, आक्का?'"

प्रीती खोकली. दोघी-तिघी खोकल्या. गोजरबाईला शिवी द्यायला कुणी सापडेना, म्हणून तिनं धरणालाच दिली.

"वो पंगत में ही पहचानी थी," जन्नतबी म्हणाली.

"न्हाई गं. पंगतीत ती वर बी बघत न्हाई. हात धुताना वळखलं."

"वर क्यों नई देखी? पहचानी, इसलिये नई देखी. भरे पान पे रोती क्या?"

"पुस्तकात तसं न्हाई लिव्हलेलं, जन्नतबी."

"लिखनेवाले को क्या मालूम? वो पंगत में बैठा था क्या?"

निम्म्या बाया बेबीनंदाच्या बाजूनं झाल्या, निम्म्या जन्नतबीच्या. नेट सुटलं तरी भांडण सुटेना. गावाच्या रस्त्यानं डबे वाजवत सगळ्या चालल्या होत्या, आणि गोजरबाई मधे उभी राहून मूठ उलटी धरून दाखवत होती, की असा हात धरला तर समोरचं माणूस दिसतं की नाही.

"मी घरी जाऊन ते पान परत बघते," बेबीनंदा म्हणाली.

"बघ," जन्नतबी म्हणाली. "पर जोर से पढ. मैं आती साथ में. तेरा क्या भरोसा, मधेच गाळशील."

आणि ती आपल्या गल्लीला न वळता सरळ बेबीनंदाच्या घराकडं चालू लागली.